'कशासाठी' नावाचा रकाना

मामा गेल्यावर त्याच्या माडीवरची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. कुणालाच नको होती, म्हणून आली. मामेभावानं टेम्पोत टाकून पाठवली आणि फोनवर म्हणाला, "दादा, तुला जुन्या कागदांचा नाद आहे, तूच बघ." पेटीत सात दोनशेपानी वह्या होत्या, कार्बन लावून फाडलेल्या पावत्यांची थोटकं होती, व्हीएचएसच्या अकरा कॅसेट होत्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत दोऱ्यानं बांधलेली एकोणीस रेशनकार्डं होती. कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावी १९८४ पासून १९९६ पर्यंत मामाची 'व्हिडिओ लायब्ररी' होती, तिचं हे दप्तर.

सिनेमाचा इतिहास लिहिणारे लोक स्टुडिओ, दिग्दर्शक, नटनट्या, फार तर थिएटरं यांच्याविषयी लिहितात. सिनेमा घरात कसा आला, कोणत्या दारानं आला आणि घरातल्या कुणाला त्यानं आत घेतलं, याचे कागद सहसा कुणी ठेवत नाही. मामानं ठेवले, कारण त्याला उधारी वसूल करायची होती. प्रत्येक पानावर त्यानं पट्टीनं रेघा मारून रकाने पाडले आहेत: तारीख, नाव, गल्ली, संच की नुसती कॅसेट, सिनेमाचं नाव, अनामत, परत. आणि शेवटी एक रकाना 'कशासाठी'. या रकान्यात बारसं, सत्यनारायण, साखरपुडा, मुंज, 'जावई आले', 'पोरगा पास', 'बाराव्याची रात्र', 'यात्रा' असे शब्द आहेत. मामाला चौकशांची हौस नव्हती. बारशाला साठ माणसं बसणार, पोरं मशीनला हात लावणार, तेव्हा तिथे स्वतः थांबायचं. सत्यनारायणाला माणसं शहाण्यासारखी वागतात, तिथे पोऱ्या पाठवला तरी चालतं, असा त्याचा हिशोब होता. माझ्यासाठी मात्र त्या रकान्यानं सगळा विषयच उलगडला.

सुरुवात जरा मागून करायला हवी. घरी सिनेमा पाहण्याची हौस व्हीसीआरच्या कितीतरी आधीची आहे. फ्रान्समधल्या पाथे कंपनीनं १९२२ साली साडेनऊ मिलिमीटर फितीचा 'पाथे बेबी' प्रोजेक्टर खास घरगुती वापरासाठी काढला, आणि १९२५ पासून अमेरिकेत कोडॅकनं सोळा मिलिमीटरच्या फिल्मा भाड्यानं देणारी 'कोडास्कोप लायब्ररी' चालवली. भाड्यानं सिनेमा आणि त्यासाठी 'लायब्ररी' हा शब्द, दोन्ही गोष्टी शंभर वर्षांच्या जुन्या आहेत. पण ती चैन पैसेवाल्यांची. आपल्याकडे सोळा मिलिमीटरचं यंत्र सामान्य माणसाला दिसलं ते गणेशोत्सवात. गल्लीच्या तोंडाशी दोन बांबूंना पांढरा पडदा ताणायचा आणि दोन्ही बाजूंनी बसायचं. मागच्या बाजूच्यांना नायक डावखुरा दिसे आणि नावं उलटी, पण फुकट म्हटल्यावर तक्रार कोण करणार? घराच्या उंबऱ्यावर बसून सिनेमा पाहण्याचा माझ्या आजीचा पहिला अनुभव हाच.

मग दूरदर्शन आलं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्यात दिसू लागलं. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. ज्या घरी संच असेल त्या घरी शनिवारी संध्याकाळी चपलांचा ढीग. आमच्यासारख्या लांबच्या गावात उंच खांबावर अँटेना चढवून, ती फिरवत राहून जे काही दिसे ते मुंग्यांच्या वारुळासारखं असे. ते चित्र बदललं १९८४ साली, देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रं धडाधड उभी राहिली तेव्हा. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या निमित्तानं रंग आला होता. दूरदर्शननं सिनेमा घरात आणला हे खरं, पण कोणता सिनेमा, कधी, आणि मध्येच बातम्या किती वेळ हे दिल्ली-मुंबईत ठरे. 'व्यत्यय' ही पाटी आली की माणसं उठून पाणी पिऊन येत.

मामाचा मूळ धंदा पुस्तकांचा. बसस्टँडसमोरच्या दहा बाय आठच्या गाळ्यात त्याची सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, मासिकं, कादंबऱ्या आणि दिवाळीनंतर चार महिने दिवाळी अंक. वाचकांना हा व्यवहार सांगायला नको. हा अंकही अनेकांच्या हाती तसाच आला असेल. वर्गणी भरा, अंक न्या, चार दिवसांत बदला. मामानं व्हिडिओचं दुकान थाटलं तेव्हा नवीन काही केलं असं त्याला वाटलंच नाही. त्यानं अर्नाळकर वरच्या फळीवर सरकवले आणि खालच्या फळीवर कॅसेटी लावल्या. पहिल्या वहीत पहिली सहा पानं पुस्तकांचीच आहेत, आणि सातव्या पानावर त्याच रकान्यांत पुस्तकाच्या नावाच्या जागी सिनेमाचं नाव येतं. वही बदलायची गरज पडली नाही.

यात तो एकटा नव्हता. आज चित्रपटांच्या हक्कांच्या व्यवसायात मोठी असलेली शेमारू ही मुंबईची कंपनी १९६२ साली पुस्तकं भाड्यानं देणारी लायब्ररी म्हणून सुरू झाली आणि १९७९ मध्ये तिनं व्हिडिओ कॅसेट भाड्यानं द्यायला सुरुवात केली. माझ्या मामाचा गाळा आणि वॉर्डन रोड यांत जमीन-अस्मानाचं अंतर. पण पुस्तकाकडून कॅसेटकडे जाणारी वाट एकच होती. व्हिडिओचं दुकान 'सेंटर' किंवा 'पार्लर' झालं ते नंतर. आधी ती लायब्ररीच होती, आणि या शब्दात एक इभ्रत होती, तिचा फायदा मामाला बरीच वर्षं मिळाला.

यंत्राविषयी थोडं. सोनीनं १९७५ साली बीटामॅक्स काढलं, जेव्हीसीनं १९७६ साली व्हीएचएस. चित्राच्या दर्जात बीटामॅक्स सरस, असं जाणकार आजही सांगतात. पण सुरुवातीला बीटामॅक्सच्या कॅसेटमध्ये एक तास मावे आणि व्हीएचएसच्या कॅसेटमध्ये दोन. आपल्याकडे, पाल पद्धतीत, ई-१८० नावाची व्हीएचएस कॅसेट चाले: अर्धा इंच रुंदीची, सुमारे अडीचशे मीटर लांब फीत आणि बरोबर तीन तास. कुणा जपानी अभियंत्यानं हिंदी सिनेमाची लांबी मोजून ती बनवली असेल असं नाही. पण सहा गाणी, दोन मारामाऱ्या आणि एक मध्यंतर तिच्यात एका दमात बसे. मामाच्या गल्ल्यात दोन बीटामॅक्स कॅसेट अखेरपर्यंत पडून होत्या. कुणी तरी फसवून गळ्यात मारलेल्या. यंत्राच्या आत एक तिरका ढोल सेकंदाला पंचवीस वेळा फिरतो आणि त्यावरची हेडं फितीवरून तिरप्या रेघा वाचत जातात. फितीला पावसाळ्यात बुरशी धरली की ती हेडांना चिकटते आणि पडद्यावर बर्फ पडू लागतं. मग मामा झाकण उघडून, कडक कोऱ्या कागदाला स्पिरिट लावून ढोल पुसे. बारशाला जमलेली साठ माणसं श्वास रोखून त्याच्या बोटांकडे बघत असत. शल्यचिकित्सकालाही इतका मान मिळत नसेल.

'संच' म्हणजे वीस इंची रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन सिनेमे. सूर्यास्ताला न्यायचा आणि उजाडायच्या आत परत. टीव्ही गोधडीत गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवर, एकानं धरायचा, एकानं सायकल ढकलायची. भाडं एका रात्रीचं, म्हणून रात्रीचा प्रत्येक तास वसूल करायचा. तीन सिनेमांचा क्रमही ठरलेला, वहीत तो स्पष्ट दिसतो. पहिला देवाधर्माचा किंवा कौटुंबिक, कारण तेव्हा म्हातारी माणसं जागी असतात. 'जय संतोषी माँ' इतक्या वेळा गेला आहे की मामानं पुढे नुसतं 'संतोषी' असं लिहिलंय. दुसरा मराठी, 'धूमधडाका' किंवा पुढे 'अशी ही बनवाबनवी'. तिसरा रात्री दोननंतरचा, मारामारीचा, तरुण पोरांसाठी. वीज गेली तर काय, याचा निवाडा वहीच्या पुठ्ठ्याआड लिहून ठेवलाय: 'लाईट १ तासाचे वर गेल्यास एक कॅसेट दुसरे दिवशी मोफत. संच नाही.' या एका ओळीवरून किती भांडणं झाली असतील ते मला लहानपणापासून ठाऊक आहे.

या रात्रींचा खरा प्रेक्षक बायका होत्या. आमच्या गावात एक थिएटर होतं आणि सुगीनंतर तंबूतली टुरिंग टॉकीज येई. थिएटरात बायकांसाठी वेगळी बाकं होती. पण लग्न झालेली, घरंदाज म्हणवणाऱ्या घरातली बाई तिथे वर्षाकाठी एकदा गेली तर गेली. शेतकऱ्याच्या घरची तीही नाही. थिएटरला जायचं तर परवानगी लागे, सोबत लागे, आणि 'कशाला?' या प्रश्नाला उत्तर लागे. संच घरी आणला की ते उत्तर बारशानं किंवा सत्यनारायणानं आधीच दिलेलं असे. 'कशासाठी' या रकान्याकडे मी असा बघू लागलो. मामासाठी तो यंत्राच्या सुरक्षिततेचा रकाना होता, तर घरांसाठी तो परवान्याचा. निमित्ताशिवाय सिनेमा घरात येत नसे. मी सातही वह्या चाळल्या. त्या रकान्यात 'सहज' हा शब्द फक्त एकदा सापडला. त्याकडे येतो.

त्याआधी कायद्याकडे. माझे वडील तालुक्याच्या कोर्टात कारकून होते आणि मेव्हण्याचा धंदा त्यांना पहिल्या दिवसापासून पसंत नव्हता. त्यांचा मुद्दा नीतीचा नव्हता, कलमांचा होता. आणि ते बरोबर होते, हे मला आज मान्य करावं लागतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि ती त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून लागू झाली. मामाचं दुकान उघडलं त्याच वर्षी! या दुरुस्तीनं व्हिडिओ फिल्म कायद्याच्या कक्षेत नाव घेऊन आणली. कलम ५२-अ प्रमाणे कॅसेटवर आणि पडद्यावर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची प्रत, कॅसेट बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, मालकाची परवानगी घेतल्याचं निवेदन आणि हक्कदाराचं नाव-पत्ता दाखवणं बंधनकारक झालं. हक्कभंगाला किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आली. उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या पोलिस अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय कॅसेटी जप्त करता येऊ लागल्या. मामाच्या उरलेल्या अकरा कॅसेटींपैकी नऊंवर यातलं काहीही नाही. एका पांढऱ्या पट्टीवर बॉलपेननं सिनेमाचं नाव आहे, बस.

या कॅसेटी यायच्या कुठून? सिनेमाच्या परदेशी वितरणासाठी बाहेर गेलेल्या प्रिंटवरून, विशेषतः आखाती देशांत, व्हिडिओ प्रती निघत आणि विमानानं मुंबईत परत येत. मुंबईत प्रतींवरून प्रती, तिथून पुणे, कोल्हापूर, आणि मग एसटीच्या टपावरून आमचं गाव. प्रत्येक मुक्कामाला चित्र थोडं फिकट होई, आवाज थोडा घोगरा. आमच्या गावानं कित्येक सिनेमे चौथ्या-पाचव्या पिढीच्या प्रतीत पाहिले; नायिकेच्या साडीचा रंग कोणता याविषयी दोन गल्ल्यांत मतभेद असत.

दुसरा उगम साधा आणि घरगुती. शनिवारी दूरदर्शनवर मराठी सिनेमा लागला की मामा व्हीसीआरचं लाल बटण दाबून ठेवी. जुन्या मराठी सिनेमांच्या कॅसेटी बाजारात दुर्मीळ, तेव्हा त्याचा निम्मा मराठी साठा असा झाला. याच कृतीवर अमेरिकेत सोनी आणि युनिव्हर्सल स्टुडिओ यांच्यात आठ वर्षं खटला चालला. १७ जानेवारी १९८४ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, घरच्या माणसानं टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी मुद्रित करणं हा हक्कभंग नव्हे. एका मतानं यंत्र वाचलं. पण तो निकाल स्वतः पाहणाऱ्याचा होता, भाड्यानं देणाऱ्याचा नव्हे. मामा तिथे असता तरी सुटला नसता.

१९८७ च्या पावसाळ्यात वहीत साडेचार पानं कोरी आहेत. धाड पडली. कॅसेटी पोत्यात भरून नेल्या, मामाला रात्रभर चौकीत बसवलं. आईनं वडिलांना सांगितलं, जामीन राहा. वडील म्हणाले, कोर्टाचा नोकर असल्या प्रकरणात जामीन राहत नाही. एका अर्थी तेही बरोबरच. जामीन राहिला तो सत्यनारायणवाला किराणा दुकानदार. प्रकरण पुढे कसं मिटलं याचे कागद पेटीत नाहीत आणि घरात त्यावर कुणी बोलत नसे. पण पाचव्या पानापासून वही पुन्हा सुरू होते, हस्ताक्षर जरा बारीक झालेलं. त्या दिवसापासून वडील आणि मामा एकमेकांशी बोलले नाहीत. सणाला मामा परसदारानं येई, आईच्या हातात लाडवांचा डबा देई आणि जाई. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि दोघांवरही रागावलो होतो.

पुढे नोकरीनिमित्त कायद्याची पुस्तकं हाताशी आली तेव्हा मी हे निकाल वाचू लागलो, ते खरं तर या भांडणाचा न्याय करायला. आणि सापडलं ते भलतंच. त्या दशकात आपली न्यायालयं वारंवार एका प्रश्नाशी अडखळत होती: घर कशाला म्हणायचं? १९८९ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर गरवारे प्लॅस्टिक्स विरुद्ध टेलिलिंक हा दावा आला. केबलवाले एका जागी व्हीसीआर लावून तारेनं घरोघर सिनेमा दाखवत होते. त्यांचं म्हणणं असं की, माणूस आपल्या घरात, आपल्या माणसांत बसून बघतो, हे सार्वजनिक प्रदर्शन कसं? न्यायालयानं ते मानलं नाही. प्रेक्षक आपापल्या घरात बसलेले असले तरी ते लोकसमूहाचा भाग आहेत, आणि त्यांना सिनेमा पोचवणं हे लोकांपुढे मांडणंच आहे. १९९३ मध्ये लक्ष्मी व्हिडिओ थिएटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं व्हिडिओ पार्लरातला व्हीसीआर हाही कायद्याच्या दृष्टीनं सिनेमाचं यंत्रच आहे, म्हणून परवाना हवा, असं ठरवलं.

म्हणजे चार भिंतींवरून घर ठरत नाही. हे वाचताना मला बारशाच्या रात्री आठवल्या. सोप्यात साठ माणसं, अंगणात तीस, खिडकीला लोंबकळलेली पोरं, आणि पान-सुपारीच्या तबकात पडणारे दोन-दोन रुपये, 'भाड्याला हातभार' म्हणून. ते घर होतं की थिएटर? वडिलांना विचारलं असतं तर त्यांनी कलम सांगितलं असतं. मामाला विचारलं असतं तर त्यानं 'कशासाठी'चा रकाना दाखवला असता. पश्चिमेत व्हीसीआरनं माणसाला थिएटरातून उठवून एकेकट्या दिवाणखान्यात बसवलं असं लिहिलं जातं. आमच्याकडे त्याच यंत्रानं उलट केलं. घराचंच एका रात्रीपुरतं थिएटर झालं.

आणखी एक फरक मला, लायब्ररीवाल्याचा भाचा म्हणून, विशेष जाणवतो. विकत घेतलेलं पुस्तक मामा शंभर जणांना भाड्यानं देऊ शके, लेखकाची परवानगी न घेता. सिनेमाच्या बाबतीत कायदा याच्या नेमका उलट गेला. १९९४ च्या दुरुस्तीनं, जी १० मे १९९५ ला लागू झाली, चित्रपटाची प्रत भाड्यानं देण्याचा हक्कही मालकाकडे राखून ठेवला, ती प्रत आधी विकली गेली असली तरी. म्हणजे अस्सल, पावतीसह घेतलेली कॅसेटही परवानगीशिवाय भाड्यानं देता येणार नव्हती. एकाच फळीवर वर अर्नाळकर आणि खाली कॅसेट. वरचा धंदा सभ्य, खालचा गुन्हा. मामाला हे कधीच पटलं नाही, आणि मलाही पूर्ण पटलंय असं नाही.

पण मामाची बाजू घेताना हात थोडा आखडतो, तो मराठी सिनेमामुळे. हिंदी निर्मात्याचं नुकसान झालं तरी त्याच्यापाशी देशभरचं थिएटर होतं. मराठी निर्माता घर गहाण टाकून सिनेमा काढी आणि त्याची सगळी कमाई सातारा-सांगली-कोल्हापूर-नगरच्या याच गावांतून, याच थिएटरांतून आणि तंबूंतून यायची. मामाच्या चार नकली कॅसेटींनी एका तालुक्याचा धंदा बसवला असेल. टुरिंग टॉकीजचे मालक मामाला रस्त्यात शिव्या देत आणि मामा ऐकून घेई. त्याला कळत होतं. 'माहेरची साडी' १९९१ साली आला तेव्हा त्याची कॅसेट मागायला बायका दुकानात आल्या आणि मामानं त्यांना थिएटरात जायला सांगितलं, अशी एक गोष्ट आमच्या घरात सांगतात. खरी असेल, कारण त्या वर्षीच्या वहीत तो सिनेमा नाही. आणि बायका गेल्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून गेल्या. दहा वर्षं घरोघरी पाहून सिनेमाची चटक लागली होती म्हणून गेल्या, असं मामा म्हणे. तो स्वतःच्या वकिलीत कधी कमी पडला नाही. पुढे १९९४ मध्ये राजश्रीनं 'हम आपके हैं कौन' व्हिडिओवर न आणता थिएटरातच रोखून धरला आणि घरच्या माणसांना पुन्हा तिकिटाच्या रांगेत उभं केलं. निर्माते शिकले होते.

आता ती 'सहज'ची नोंद. तारीख १२ नोव्हेंबर १९८८, शनिवार. नावाच्या जागी नुसतं 'ताई'. सिनेमा 'जगाच्या पाठीवर'. संच. अनामत: रेघ. भाडं: रेघ. कशासाठी: सहज.

ताई म्हणजे माझी आई. मी कोल्हापूरला कॉलेजात होतो. वडील त्या आठवड्यात कामासाठी जिल्ह्याला गेले होते. दिवाळीची सुट्टी संपत आली होती. राजा परांजपेंचा तो सिनेमा आला १९६० साली, तेव्हा आई सोळा वर्षांची, मिरजेला. तिनं तो मैत्रिणींबरोबर पाहिला होता हे आम्हाला ठाऊक होतं, कारण त्यातली गाणी ती भाकरी थापताना गुणगुणत असे. लग्नानंतर ती थिएटरात गेल्याचं मला आठवत नाही. वडिलांनी बंदी केली होती असं नाही. विषयच निघत नसे. म्हणजे वडील घरी नसताना तिनं, ज्या भावाशी नवरा बोलत नव्हता त्या भावाकडून, संच मागवला आणि कुणाचं बारसं नसताना, कुठली पूजा नसताना सिनेमा पाहिला. शेजारच्या बायका होत्या की ती एकटीच होती ते वहीवरून कळत नाही. तिला विचारायचं तर ती जाऊन अकरा वर्षं झाली. तिनं आयुष्यभर हे कुणाला सांगितलं नाही.

ती कॅसेट पेटीत आहे. पुण्यात जुन्या फितींचं रूपांतर करून देणाऱ्याकडे मी ती नेली. त्यानं आधी बुरशी साफ करायला आठ दिवस घेतले. सिनेमा बराचसा निघाला. मामानं तो दूरदर्शनवरूनच उतरवला होता. कडेला रेघा आहेत, आणि एका गाण्याच्या ऐन मध्यात 'व्यत्यय' ही पाटी येते. ती किती वेळ राहते ते मी मोजलं, दोन मिनिटं दहा सेकंद. माझी आईही ती पाटी बघत तेवढा वेळ थांबली असणार.

पुढचं लवकर सांगता येईल, कारण त्यात रात्री नाहीत. १९९१ मध्ये आखाती युद्ध आणि उपग्रह वाहिन्या, १९९२ मध्ये झी, आणि गल्लोगल्ली केबलवाला. केबलवाला रोज रात्री नवा सिनेमा आपल्या व्हीसीआरवरून सगळ्या गावाला दाखवी. १९९५ च्या कायद्यानं त्याला मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करायला लावली. निमित्ताची गरज संपली आणि संच नेणारंही कुणी उरलं नाही. मामानं १९९६ मध्ये गाळा सोडला, टीव्ही विकला आणि अर्नाळकर रद्दीत दिले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. मग व्हीसीडी आली. चकतीत सुमारे सव्वा तास मावे, म्हणून हिंदी सिनेमाच्या दोन-तीन चकत्या आणि मध्यंतर नको तिथे. २००७ च्या सुमारास मोझर बेअरनं व्हीसीडी अठ्ठावीस आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना आणली, तेव्हा अस्सल माल नकलीच्या भावात मिळू लागला. आणि गंमत बघा, त्यानंतर दोनच वर्षांनी महाराष्ट्रानं झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांना खटल्याविना स्थानबद्ध करणाऱ्या १९८१ च्या कायद्यात 'व्हिडिओ पायरेट' हा नवा दादा घातला. मामानं ती बातमी कापून शेवटच्या वहीत चिकटवली आहे. तेव्हा तो सत्तरीचा होता आणि त्याच्या घरी डिश अँटेना होती. २०१६ नंतर, स्वस्त डेटा आल्यावर, प्रत्येकाच्या हातात वेगळा सिनेमा आहे. माझ्या नातीला 'कशासाठी बघतेस?' असं विचारलं तर तिला प्रश्नच कळणार नाही.

एक मालेगाव मात्र सांगायला हवं. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी इतरांचे सिनेमे दाखवता दाखवता यंत्र आत्मसात केलं आणि 'मालेगाव के शोले' हा स्वतःच्या गावाचा सिनेमा काढला. प्रती काढता काढता माणूस मूळ काढायला शिकला. आमच्या मामाला ते सुचलं नाही, याची खंत त्यानं बोलून दाखवली होती.

राहिली रेशनकार्डं. संच नेताना रेशनकार्ड ठेवून घेण्याची मामाची पद्धत होती. दागिना घेतला असता तर तो सावकार ठरला असता, आणि रेशनकार्डाशिवाय महिनाअखेर साखर मिळत नसल्यानं माणूस परत येतोच. एकोणीस जण आले नाहीत. नावं जुळवली तर बहुतेक वारले होते किंवा गाव सोडून गेले होते. एक पत्ता जवळच्या वाडीचा होता. नोंद १९९३ ची, यात्रेची. दोन कॅसेटी गेल्या, परतच्या रकान्यात काही नाही. गेल्या संक्रांतीला मी ते कार्ड घेऊन गेलो.

घरात ऐंशीच्या घरातली बाई होती. कार्ड उलटंसुलटं करून बघितलं, नवऱ्याचं नाव बोटानं पुसलं. "ह्याच्यापायी तहसीलात चार खेपा घातल्या आमी," म्हणाली. मग माझ्याकडे संशयानं बघत, "आणि कॅसेटी मागायला आलाईस व्हय इतक्या वरसानं?"

नाही म्हटलं. कॅसेटींचं काय झालं, एवढंच विचारलं.

"त्या व्हय," ती म्हणाली, आणि दारातून समोरच्या शेताकडे हात केला. "पोरांनी रिळं काढली आन् शाळवाच्या रानात काठ्यांना ताणून बांधली. वारं सुटलं की लई घुमायची. त्या वरसी एक पाखरू बसलं नाही कणसाव."